तारण झालेल्यांचाही, म्हणजे ख्रिस्तावरच्या विश्वासाने पापाच्या शिक्षेतून सुटलेल्यांचाही, न्याय होणार का?

हो, पण शिक्षेसाठी नाही. बायबलमधलं रोमकरांस 8:1 सांगतं की ख्रिस्तात असलेल्यांना दंडाज्ञा नाही. तरी 2 करिंथकरांस 5:10 नुसार सगळ्यांनाच ख्रिस्ताच्या न्यायासनासमोर यायचं आहे. तिथे काय होतं ते 1 करिंथकरांस 3:12-15 मध्ये आहे: प्रत्येकाचं काम अग्नीने पारखलं जातं; सोनं, रुपं (चांदी) टिकतं, लाकूड, गवत, पेंढा जळतो. काम जळालं तरी माणूस तरतो, फक्त प्रतिफळ जातं. गफलत इथेच होते. मागचापुढचा संदर्भ सोडून 13वं वचन एकटं वाचलं, की तारणच कर्मांवर टांगल्यासारखं वाटतं. मुळात हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल तिथे स्वतःबद्दल आणि सहकारी अपुल्लोबद्दल, म्हणजे मंडळी (चर्च) उभारणाऱ्यांबद्दल बोलतोय. कॅथलिक परंपरा मात्र याच अग्नीत मरणोत्तर शुद्धीकरण पाहते. प्रकटीकरण 20:11-15 मधलं, मेलेल्यांचा न्याय होतो ते मोठं पांढरं राजासन हेच न्यायासन की वेगळं, यावर पंथांत मतभेद आहेत.