आबाजींची पद्मिनी रोज चालवायची असेल तर

पोळ्यानंतरचा रविवार

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. आबाजींची पद्मिनी मोटार गोठ्याशेजारच्या पडवीतून बाहेर काढलीस, नवी बॅटरी लावून सेल्फ मारलास आणि चौथ्या खेपेला ती सुरू झाली, हे वाचल्यावर मला बसवेना. उठून अंगणात दोन फेऱ्या मारून आलो. त्या इंजिनचा आवाज मी पन्नास गाड्यांतून ओळखीन. संत्र्याचा बहार तुटायला आला की आबाजी तिच्यातूनच भाव बघायला अमरावतीला जायचे आणि परतताना माझ्या गॅरेजवर थांबून बोनेट उघडायचे. बिघाड असो नसो, उघडायचेच.

तू तीन गोष्टी विचारल्यास. सगळी गाडी एकदाच खोलून नवी करावी का, रंग कोणता द्यावा आणि रोज मोर्शीला नोकरीवर हिच्यातूनच जाता येईल का. शेवटच्याचं उत्तर आधी देतो. जाता येईल. येऊन-जाऊन चव्वेचाळीस किलोमीटर त्या १०८९ सीसीच्या इंजिनला जड नाहीत. मात्र रोज जायचं ठरवलंस तर गाडी कधीच पूर्ण खोलायची नाही.

हे मी माझी गाडी गमावून शिकलो आहे. माझी पहिली फियाट मी एका उन्हाळ्यात पार मोकळी केली. दारं काढली, इंजिन उतरवलं, वायरिंग उपसून काढलं. वाटलं, पेरणीच्या आत उभी करू. मग पाऊस आला, पैसा बियाण्याला गेला, इंजिनचं हेड, म्हणजे वरचं झाकण, ज्या दुकानात घासायला दिलं होतं तिथून ते जास्त घासून परत आलं. नटबोल्ट पोत्यात भरले होते, कुठला कशाचा ते दुसऱ्या वर्षी आठवेना. सीटच्या काथ्यात उंदरांनी घर केलं. चार पावसाळ्यांनंतर मी तो सांगाडा भंगारवाल्याला दिला. तो ट्रॉलीत चढवताना माझे वडील पाहत उभे होते. एक शब्द बोलले नाहीत. ते मला अजून लागतं. त्यानंतर जी गाडी केली ती चालती ठेवूनच केली, आणि ती आजही दारात उभी आहे.

म्हणून माझी पद्धत सांगतो. शनिवारी संध्याकाळी जे उघडशील ते सोमवारी सकाळी बंद होऊन रस्त्यावर आलं पाहिजे. दीड दिवसात मावत नसेल तर त्या कामाचे तुकडे पाड. पुढची दोन चाकं या रविवारी, मागची पुढच्या. आणि नवा भाग हातात आल्याशिवाय जुना उघडू नको. पार्सल येईलच, या भरवशावर तर नाहीच. मुंबईहून मागवलेला भाग कधी चार दिवसांत येतो, कधी महिन्याने येतो, कधी भलत्याच गाडीचा येतो. पहिले सहा महिने लाल परीचा पासही काढून ठेव. गाडी उभी राहिली तर नोकरी बुडाली असं झालं, की माणूस घाईत काम उरकतो आणि घाईतलं काम रस्त्यात उघडं पडतं.

सुरुवात ब्रेकपासून. रंग, सीट, म्युझिक सगळं नंतर. १९७५ सालच्या या गाडीत चारी चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि तेल एकाच लाइनने चौघांना जातं. एक होज, म्हणजे रबरी नळी, फुटला की पेडल थेट तळाला जातं, एकही चाक धरत नाही. गाडी किती वर्षं उभी होती ते तूच लिहिलंस. ब्रेकचं तेल हवेतलं पाणी ओढतं, त्या पाण्याने सिलिंडर आतून गंजतात, आणि बाहेरून पाहणाऱ्याला काही दिसत नाही. तेव्हा मास्टर सिलिंडर, चारी व्हील सिलिंडर आणि सगळे होज नवेच घ्यायचे. इथे जुनं घासून चालवायचं नाही. कोणी म्हणेल, "नुसतं रबरांचं किट टाकून देऊ, काऊन पैसे घालवतेस?" त्याचं ऐकू नको.

ब्रेकनंतर स्टिअरिंग. किंगपिन (पुढचं चाक ज्यावर वळतं ती खीळ), बुश आणि टायरॉडचे एंड बघायचे. चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवलंस की ढिलाई हाताला कळते. या गाडीला ग्रीसचे निपल आहेत. आबाजी महिन्यातून एकदा, आठवडी बाजाराच्या दिवशी, ग्रीस गन घेऊन बसायचे. आजच्या गाड्यांना ते लागत नाही, म्हणून आजच्या मेकॅनिकच्या ते ध्यानातच राहत नाही. तू ध्यानात ठेव.

आता पाणी. यावर जरा जास्त लिहितो, कारण आपल्या भागातल्या गाड्या याच कारणाने मेलेल्या मी पाहिल्या आहेत. पद्मिनीचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं. एकदा जरी जोरात तापली तरी हेड वाकतं, गॅसकेट जातं आणि खर्च तिथून सुरू होतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला जातो. त्यात लोक रेडिएटरमध्ये बोअरचं जड पाणी ओततात. अकोल्याकडच्या खारपाणपट्ट्यातल्या गाड्या माझ्याकडे यायच्या, त्यांच्या रेडिएटरच्या नळ्यांत पांढरा थर इतका घट्ट बसलेला असायचा की सळईसुद्धा जात नसे. तू डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट यांखेरीज काही घालू नको. पाच लिटरचा कॅन डिकीत कायम असू दे. रेडिएटर एकदा उतरवून रॉडिंग, म्हणजे सळईने नळ्यांची सफाई, करून घे. ट्रॅक्टरचे रेडिएटर करणारा कारागीर हे काम चांगलं करतो, पितळ-तांबं त्याच्या हातातलं असतं. आणि कापसाच्या दिवसांत, दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत, जिनिंगकडे जाणाऱ्या गाड्यांची रुई रस्त्यावर उडते ती रेडिएटरच्या जाळीत जाऊन बसते. दर आठवड्याला मऊ ब्रशने झाडायची. मी एकदा गाडी का तापते म्हणून अख्खा दिवस थर्मोस्टॅट शोधत बसलो होतो, आणि जाळीवर बोटभर कापूस होता.

पेट्रोलचंही बदललं आहे. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. १९७५ चं रबर त्यासाठी केलेलं नव्हतं. पाइप फुगतात, चिरतात, इंजिनजवळच्या पेट्रोल पंपाचा पडदा जातो. टाकीत इथेनॉल पाणी धरतं आणि तळ गंजतो. म्हणून टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे सगळे रबरी पाइप इथेनॉलला टिकणारे घे, मध्ये पारदर्शक फिल्टर टाक, आणि गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर टाकी भरलेली ठेव. गळणारा पेट्रोल पाइप आणि तापलेला सायलेन्सर हे एकत्र आले की गाडी जळते, तेव्हा अग्निशामकाचा छोटा सिलिंडर ड्रायव्हरच्या सीटजवळ हवाच. उन्हात चालता चालता इंजिन गुदमरून बंद पडलं तर घाबरू नको. पेट्रोलची पंपातच वाफ झालेली असते. सावलीत घे, पंपावर ओलं फडकं ठेव, दहा मिनिटं थांब.

मोठ्या शहरात जे मिळतं ते आपल्याकडे नाही, असं तू लिहिलंस. मला ते पटत नाही. तुझ्या गावापासून दहा किलोमीटरच्या आत किती हात आहेत बघ. विहिरीच्या मोटरी रिवाइंड करणारा आहे, तो डायनामो आणि सेल्फचं आर्मेचर बांधून देईल. लेथवाला बुश काढून देईल. लोहार मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांना बाक देईल. ऑटोच्या सीट शिवणारा तुझ्या सीटचं रेक्झिन असं ताणून बसवेल की पाहत राहशील. फक्त ब्रेकचं सामान आणि किंगपिन यांच्याकडून बनवून घेऊ नको, ते विकतचंच. ही गाडी कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची. १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट, मग पद्मिनी, आणि अशी २००० सालापर्यंत तरी. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये संपल्या तरी त्यांचे सुटे भाग अजून फिरत आहेत. मिळेल तेव्हा घेऊन ठेव.

बदल काय करावेत? मी दोन ढीग करतो. जीव वाचवणारे आणि रोजचं चालणं सोपं करणारे बदल मी निःसंकोच करतो. डायनामो आयडलवर पुरेसं चार्ज करत नाही, रात्री हेडलाइट मिणमिणतात, तेव्हा अल्टरनेटर बसव. हेडलाइटचा सगळा करंट जुन्या स्विचमधून जातो, तिथे रिले टाक, उजेड दुपटीने वाढल्यासारखा वाटेल. ठिणगीसाठी पॉइंट-कंडेन्सरऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन चालेल, पण जुना पॉइंटचा सेट फडक्यात गुंडाळून डिकीत ठेव. सीटबेल्ट पाहिजेतच. ते नुसत्या पत्र्याला स्क्रूने लावायचे नाहीत, मागे जाड प्लेट वेल्ड करून लावायचे. रेडियल टायर घे, पण कंपनीच्या मापाच्या जवळचे. रुंद टायर लावलेस तर स्टिअरिंग ओढताना खांदे भरून येतील आणि बेअरिंग लवकर जातील.

दुसऱ्या ढिगात गाडीचा चेहरा. स्टिअरिंगवरचा गीअर, पुढची जाळी, दाराची तिकोनी काच. ती काच उलटी फिरवलीस की चालत्या गाडीत वारा थेट छातीवर येतो, मग पहिली दोन वर्षं एसीचा विचारही येणार नाही. गाडी खाली बसवायची म्हणतेस, ती नको. आपल्या पांदणीवर आणि गावोगावच्या स्पीडब्रेकरवर सायलेन्सर रोज घासेल. आणि डिझेल इंजिन टाकून घे म्हणणारे भेटतीलच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीत नोंदलेल्यापेक्षा वेगळी गाडी करता येत नाही. इंजिन बदललं तर परवानगी आणि नोंद लागते. रंग बदललास तरी आरसीवर नोंद करावी लागते.

कागदाचं आणखी एक. एजंट तुला व्हिंटेज नोंदणी घे म्हणतो आहे, कारण गाडीला पन्नास वर्षं झाली. घेऊ नको. २०२१ च्या नियमांत व्हीए मालिकेचा नंबर मिळतो, नव्या नोंदणीची फी वीस हजार, पण ती गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल, एवढ्यासाठीच. तुला तर रोज मोर्शीला जायचं आहे. तेव्हा साधी नोंदणीच पाच-पाच वर्षांनी नवी करत राहा. फी २०२२ मध्ये सहाशेची पाच हजार झाली आणि जुन्या गाड्यांना पुढे आणखी वाढली, शिवाय पर्यावरण कर आहे. ते पैसे आधीच बाजूला काढून ठेव. आबाजींच्या नावावरून तुझ्या नावावर करायचं काम मात्र याच महिन्यात उरक.

पत्रा आणि रंग शेवटी. आपली काळी माती ओली असताना मडगार्डच्या आत आणि दाराखालच्या पट्टीत थापून बसते आणि सुकली तरी आतून ओल धरून ठेवते. पावसाळ्यात दर रविवारी खालून पाण्याचा फवारा मारून ती काढायची. सडलेल्या पत्र्यावर पुट्टी लिंपून देणारे पुष्कळ आहेत. पुट्टीच्या आत गंज चालूच राहतो, दुसऱ्या पावसाळ्यात फुगा येतो. सडलेलं कापून नवा पत्रा वेल्ड करणारा डेंटरच बघ, महाग पडला तरी. रंगाला माघ-फाल्गुन चांगला. पावसाळ्यात दमटपणामुळे रंगावर पांढुरकी झाक येते, मे महिन्यात थिनर हवेतच उडतं आणि रंग खरखरीत बसतो. कोणता रंग, हे मला विचारू नको. तुझ्या आजीला विचार. आबाजींनी गाडी आणली त्या दिवसाची ती साक्षीदार आहे, आणि दाराच्या रबराखाली मूळ रंग अजून शाबूत असेल.

समृद्धीवर ही गाडी नेऊ नको. तिथे बाकीचे एकशेवीसने जातात, तू साठ-सत्तरला. आपला जुना रस्ता बरा.

एक वही कर. तारीख, किलोमीटर, किती पेट्रोल, काय बदललं, आणि कुठला आवाज कधीपासून येतो तेही लिही. रोज चालवणाऱ्याला हा फायदा आहे. आवाज बदलला की त्याच दिवशी कळतं. बैलाच्या खांद्याला सूज आहे का ते पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदे शेकताना पाहिलं तर उशीर झालेला असतो, हे तुझ्या घरात तुला कोणी सांगायला नको.

शेवटचं, आणि हे मी रागावून सांगतो आहे असं समज. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही. विटांवर तर नाहीच, वीट न सांगता फुटते. बाभळीचे जाड ठोकळे किंवा लोखंडी स्टँड, आणि घरात कोणीतरी जागं असताना.

ब्रेक होईपर्यंत गाडी अंगणाबाहेर काढू नको. व्हील सिलिंडरचा एक सेट माझ्याकडे डब्यात पडून आहे, तुझ्या गाडीसाठीच ठेवला होता असं आता वाटतं. येत्या रविवारी सकाळी पहिल्या एसटीने हत्यारं घेऊन मीच येतो. तू सपाट जागा झाडून ठेव, ठोकळे आण आणि पुढच्या चाकांच्या नटांवर आदल्या रात्री तेल सोडून ठेव. वर्षानुवर्षं ते कोणी उघडलेले नाहीत.

तुझा,
गॅरेजवाला काका