वाचकांचे प्रश्न : दुर्बिणीमागची रांग

प्रश्न : अवकाश दुर्बिणींची लखलखीत छायाचित्रं घरबसल्या बघायला मिळत असताना खगोलशास्त्रज्ञांनी मैदानात उभं राहून लोकांना आकाश दाखवण्यात वेळ का घालवावा? पुस्तकं आणि मालिका पुरेशा नाहीत का?

त्यांचा वाटा मोठा आहेच. गॅलिलिओने १६३२चा आपला वादग्रस्त ग्रंथ लॅटिनऐवजी इटालियनमध्ये लिहिला, म्हणून तो विद्यापीठाबाहेरच्या माणसाला वाचता आला. पॅट्रिक मूर यांनी एप्रिल १९५७ मध्ये बीबीसीवर सुरू केलेला आकाशनिरीक्षणाचा मासिक कार्यक्रम २०१२ मध्ये मृत्यू होईपर्यंत चालवला. कार्ल सेगन यांच्या १९८०च्या तेरा भागांच्या ‘कॉसमॉस’ मालिकेबद्दल तर वेगळं सांगायला नको.

पण छायाचित्र बघताना बघणाऱ्याला काहीच करावं लागत नाही. दुर्बिणीला डोळा लावला की आधी नुसता अंधार दिसतो. मग डोकं जरा सरकवावं लागतं आणि अचानक कड्यासकट शनी समोर येतो. शनीवरून सुमारे सव्वा तासापूर्वी निघालेला प्रकाश थेट आपल्या डोळ्यात शिरलेला असतो. हे ओळखलं जॉन डॉब्सन यांनी. मठात राहून जहाजाच्या खिडक्यांच्या काचा घासून आरसे बनवणाऱ्या या माणसाने १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या फुटपाथवर दुर्बीण मांडणाऱ्यांचा गट सुरू केला. पुठ्ठ्याची नळी, प्लायवूडची पेटी आणि टेफ्लॉनच्या तुकड्यांवर फिरणारं बूड, एवढीच त्यांची रचना. तिला आज ‘डॉब्सोनियन’ म्हणतात. हौशी लोकांच्या हाती मोठा आरसा आला तो या साध्या पेटीमुळे, असं आमचं मत आहे.

प्रश्न : आमच्या मंडळाकडे सहा इंची डॉब्सोनियन आहे (१५० मिमी आरसा, १२०० मिमी नाभीय अंतर). एका संध्याकाळी दीडशे लोकांना चंद्र, गुरू, शनी आणि मृग नक्षत्रातला तेजोमेघ दाखवायचा आहे. तयारी कशी करावी?

आधी यादी छाटा. रांगेतला माणूस पुढे येतो, वाकतो, शोधतो, बघतो आणि बाजूला होतो. लहान मुलं धरली तर याला माणशी एक मिनिट लागतं. दोन तासांत एका दुर्बिणीतून १२० जण होतील. चार गोष्टी दाखवायच्या म्हटल्या तर रांग चार वेळा लावावी लागेल, आणि तिसऱ्या वेळेपर्यंत अर्धे लोक घरी गेलेले असतील. म्हणून एका दुर्बिणीला एकच लक्ष्य ठेवा. दुसरं दाखवायचं असेल तर १०×५० ची (१० पट वर्धन, ५० मिमी भिंगं) द्विनेत्री तिपाईवर बसवून रांगेच्या मध्यावर ठेवा. तिच्यातून गुरूचे चंद्र दिसतात, शिवाय ताटकळणाऱ्यांना काम मिळतं.

चंद्र दाखवायचा तर शुक्ल पक्षातल्या षष्ठी ते दशमीच्या सुमाराची रात्र निवडा. उजेड आणि अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडलेल्या असतात. पौर्णिमेला सावल्याच नसतात, चंद्र सपाट दिसतो आणि डोळे दिपतात ते वेगळंच. तेजोमेघ मात्र चंद्र नसलेल्या रात्रीसाठी राखून ठेवा.

दुर्बीण पाऊण तास आधी उघड्यावर आणा. घरातला उबदार आरसा थंड होताना त्यावरून गरम हवा उठते आणि प्रतिमा उकळत्या पाण्यासारखी हलते. लोक समजतात, दुर्बीण वाईट आहे. फाइंडर (नेम धरायची छोटी दुर्बीण) मात्र दिवसाच जुळवा. सूर्याच्या विरुद्ध दिशेचा, किमान एक किलोमीटर लांबचा खांब मुख्य दुर्बिणीत मध्यावर आणा आणि मग फाइंडरचे स्क्रू फिरवा. अंधार पडल्यावर ठळक तारा घेऊन प्रतिमा फोकसबाहेर न्या. दिसणारी वर्तुळं एकमेकांच्या मधोमध नसतील तर आरशांची एकमेकांशी जुळणी (कोलिमेशन) बिघडलेली आहे. वाहनातून आणलेल्या दुर्बिणीत हे हमखास होतं.

आता आयपीस, म्हणजे डोळा लावायचं भिंग. २५ मिमीचा लावला तर १२०० भागिले २५, म्हणजे ४८ पट वर्धन मिळतं. यात गुरू नुसत्या डोळ्यांना चंद्र दिसतो त्याहून थोडा मोठाच दिसतो. शनीच्या कड्यासाठी १०० पटीच्या आसपास हवं. इथे बहुतेक जण १० मिमीचा साधा ‘प्लॉसल’ जातीचा आयपीस लावतात, आणि तिथेच घोटाळा होतो. त्यात डोळा काचेपासून जेमतेम ७ मिमीवर ठेवावा लागतो. पापण्या काचेला घासतात, काच तेलकट होते, चष्मेवाल्यांना काही दिसत नाही आणि मुलं आधारासाठी आयपीसच धरतात. त्यापेक्षा २५ मिमीलाच दुप्पट बार्लो (वर्धन दुप्पट करणारं जादा भिंग) जोडा. ९६ पट वर्धन मिळतं आणि डोळा ऐसपैस अंतरावर राहतो. जवळ पाठीची खुर्ची ठेवून मुलांना सांगा, हात खुर्चीच्या पाठीवर. नुसता जवळचा किंवा लांबचा नंबर असलेल्यांनी चष्मा काढून फोकसचं चाक स्वतः फिरवावं. दंडगोलाकार (सिलिंड्रिकल) नंबर मोठा असेल तर चष्मा राहू द्यावा.

पृथ्वी फिरते आणि दुर्बिणीला मोटर नसते, त्यामुळे ग्रह दृष्टिक्षेत्राबाहेर सरकत राहतो. सुमारे ५० अंशांचं दृष्टिक्षेत्र असलेल्या आयपीसमध्ये ९६ पटीला एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायला त्याला दोन मिनिटं लागतात. म्हणून तो मध्यावर आणू नका. ज्या बाजूने तो आत येतो त्या कडेशी ठेवा. मग एका जुळणीत दोन माणसं आरामात बघून होतात. ढकलताना दुर्बीण अडून मग झटक्याने सरकत असेल तर बुडाचा मधला बोल्ट फार आवळलेला असतो, किंवा टेफ्लॉनवर माती बसलेली असते.

प्रश्न : पुष्कळ जण “एवढंच?” म्हणतात. काही जण काही न दिसता “हो, दिसलं” म्हणून पुढे जातात. काय करावं?

दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. मागे रांग असते, माणूस संकोचतो आणि खोटंच “छान” म्हणतो. त्याला “दिसलं का?” असं विचारूच नका. “कडं गोळ्याला चिकटलंय की मध्ये काळी फट आहे?” किंवा “गुरूच्या कोणत्या बाजूला किती ठिपके आहेत?” असं विचारा. ज्याला दिसलं नाही तो लगेच “थांबा हं” म्हणून पुन्हा डोळा लावतो. ज्याला दिसलंय तोही अधिक नीट बघतो, कारण आता त्याला उत्तर द्यायचं असतं.

“एवढंच?” हे आपल्याच जाहिरातीचं फळ असतं. पोस्टरवर अवकाश दुर्बिणीचं रंगीत छायाचित्र छापलं की मृगातला तेजोमेघ करडा दिसल्यावर माणूस हिरमुसणारच. मंद प्रकाशात डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी काम करत नाहीत, हे रांगेत असतानाच सांगून टाका. शनीचंही तसंच आहे. साधारण दर १४-१५ वर्षांनी कडं आपल्याला कडेवरून दिसतं आणि जवळजवळ नाहीसं होतं. २०२५ मध्ये तसं झालं, आता ते वर्षागणिक रुंदावत जाईल.

प्रश्न : लोक विचारतात त्याचं उत्तर आलं नाही तर?

“माहीत नाही, शोधून सांगतो” म्हणा आणि खरंच सांगा. जयंत नारळीकर सही मागणाऱ्या मुलांना पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवायला सांगत. सही उत्तराखाली मिळायची. मुलाला त्यासाठी आधी प्रश्न शोधावा लागे.

जोशात चुकीचं बोललं जातं, त्याकडे मात्र लक्ष ठेवा. “तुम्ही बघताय ते तारे केव्हाच विझलेत” हे वाक्य टाळ्या घेतं, पण चूक आहे. नुसत्या डोळ्यांना दिसणारे बहुतेक तारे काही हजार प्रकाशवर्षांच्या आत आहेत आणि ताऱ्यांचं आयुष्य लाखो ते अब्जावधी वर्षांचं असतं. जवळजवळ सगळे आजही जागेवर आहेत.

प्रश्न : त्याच दुर्बिणीतून दिवसा सौर डाग दाखवता येतील?

येतील, पण गाळणी नळीच्या पुढच्या तोंडावरच हवी, सूर्यप्रकाशाचा सुमारे लाखावा भागच आत सोडणारी आणि वाऱ्याने उडणार नाही अशी चिकटपट्टीने पक्की केलेली. आयपीसमध्ये फिरकीने बसवायची काळी काच फेकून द्या. एकवटलेल्या उष्णतेने ती तडकते. ग्रहणाचा चष्मा घालून आयपीसमधून बघू देऊ नका, तो दुर्बिणीसाठी नसतोच. फाइंडर काढून ठेवा आणि दुर्बीण क्षणभरही एकटी सोडू नका. एवढी माणसं नसतील तर कार्यक्रमच करू नका.

प्रश्न : कार्यक्रमानंतर ज्यांना आणखी काही करायचं असतं, त्यांना काय सुचवावं?

संगणकावर बसायला आवडत असेल तर दीर्घिकांचं वर्गीकरण. २००७ मध्ये सुरू झालेल्या गॅलेक्सी झू या ऑनलाइन प्रकल्पात हानी फान आर्केल या डच शिक्षिकेला एका दीर्घिकेशेजारी विचित्र तेजस्वी ढग दिसला. तो आज तिच्या नावाने ओळखला जातो.

बाकीच्यांना अल्गोल द्या. ययाती तारकासमूहातला हा तारा २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी मंदावतो, कारण त्याचा मंद जोडीदार त्याच्या आड येतो. जॉन गुडरिक या बहिऱ्या तरुणाने १७८३ मध्ये त्याचा आवर्तनकाल मांडला तेव्हा तो अठरा वर्षांचा होता, आणि त्याने वापरले ते नुसते डोळे. अल्गोलची प्रत (तेजाचं माप; आकडा जितका मोठा तितका तारा मंद) २.१ वरून ३.४ पर्यंत घसरते. शेजारच्या देवयानीतला गॅमा तारा २.१ चा आहे, ययातीतला एप्सिलॉन सुमारे २.९ चा. दर अर्ध्या तासाला अल्गोल या दोघांच्या तुलनेत कुठे बसतो ते वहीत लिहायचं. संपूर्ण उतार-चढाव सुमारे दहा तासांचा असतो, त्यामुळे एका रात्रीत एखादी बाजूच पदरात पडते. नीचांक तीन दिवसांनी तीन तास अकरा मिनिटं लवकर येतो. आज तो पहाटे दोनला असेल तर जागत बसू नका, तीन रात्रींनी तो पावणेअकराच्या सुमारास मिळेल.