सासूबाईंच्या पदराला यंत्र कशाला?

प्रश्न : आमच्या धायरीच्या घरी आरोग्य-संशोधनासाठी दोन मुली आल्या होत्या. सासूबाईंच्या पदराला एक छोटं यंत्र अडकवलं, चोवीस तास काढायचं नाही म्हणाल्या. शिवाय प्रश्न किती! देवापुढे धूप किती वेळ जळतो, डासांसाठी काय लावता, सासरे विडी ओढायचे का. अहो, प्रदूषण बाहेर सिंहगड रस्त्यावर आहे, मग घरात काय मोजतात? आणि एका म्हातारीवरून काय सिद्ध होणार?

उत्तर : ताई, सासूबाईंनी यंत्र खरंच चोवीस तास वागवलं असेल तर त्यांना माझा नमस्कार सांगा. शिरूर तालुक्यात मी हेच काम करत होतो, तेव्हा एका आजींनी ते अडचण नको म्हणून खुंटीला टांगून ठेवलं. दिवसभर आम्ही खुंटीचा श्वास मोजला.

पाषाणच्या आयआयटीएम या हवामान-संशोधन संस्थेच्या ‘सफर’ यंत्रणेतून पुण्याच्या हवेचे आकडे मिळतात, पण ते मोजक्या ठिकाणी बसवलेल्या उपकरणांचे. सासूबाई तिथे राहत नाहीत. त्यांचा दिवस देवघरात, ओट्यापाशी आणि रात्री खिडक्या लावून घेतलेल्या खोलीत जातो. त्या खोलीत डासांची कॉइल जळत असेल, तर २००३ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास ऐका : एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके अतिसूक्ष्म कण बाहेर पडतात. हे कण अडीच मायक्रॉनपेक्षा लहान, म्हणजे केसाच्या जाडीच्या साधारण तिसावा भाग. नाकातल्या केसांना ते दाद देत नाहीत, थेट फुप्फुसाच्या तळाशी पोचतात. सगळे काही छातीत जात नाहीत, हे खरं. पण बंद खोलीत ते जाणार तरी कुठे? मच्छरदाणी लावा. आमच्या आईच्या खोलीत अजून तीच आहे.

आता विडी. एका म्हातारीवरून काहीच सिद्ध होत नाही, तुमचं बरोबर आहे. अमेरिकेत सहा शहरांतल्या ८,१११ प्रौढांचा चौदा ते सोळा वर्षं माग ठेवला, तेव्हा कुठे १९९३ मध्ये निष्कर्ष छापला : सर्वांत स्वच्छ हवेच्या शहरापेक्षा सर्वांत प्रदूषित शहरात मृत्यूचं प्रमाण २६ टक्के जास्त. धूम्रपानाचा हिशेब वेगळा काढल्यावर उरलेला हा आकडा आहे. तो हिशेब नसता, तर ‘तिथली माणसं सिगारेटी जास्त ओढत असतील’ म्हणून कुणीही तो उडवून लावला असता. त्या मुलींनी सासऱ्यांची चौकशी केली ती त्यासाठी. राग मानू नका.

सिंहगड रस्त्याची धूळ खोटी नाहीच. तीही यंत्रात येते, खिडकी उघडी असते त्या तासांना.

मुली परत आल्या की यंत्राचा आलेख मागा. सकाळी धुपाचा उंचवटा दिसेल, कॉइल लावत असाल तर रात्री तिचाही. फोडणीच्या वेळी आणखी एक दिसला, तर ओट्यावरचा पंखा तेलकट होऊन अडकलाय का, ते आधी बघा.