पाच स्टार नेमके कोणत्या गाडीचे?

प्रश्न : कुटुंबासाठी तीन-चार वर्षं वापरलेली प्लग-इन हायब्रीड (इंजिनासोबत बाहेरून चार्ज होणारी बॅटरी असलेली) एसयूव्ही बघतोय. जाहिरातीत ‘पाच स्टार’ लिहिलंय. तेवढं पुरे का?

उत्तर : नाही. स्टार कोणत्या साली मिळाले आणि कोणत्या गाडीला, हे आधी बघा. गाड्या आदळवून सुरक्षेचे स्टार देणारी युरोपातली संस्था, युरो एनकॅप, परीक्षा अवघड करत नेते. २०२० पूर्वी समोरच्या धडकेत गाडी ताशी ६४ किलोमीटर वेगाने जागच्या अडथळ्यावर आदळवायचे, रुंदीचा ४० टक्के भाग लागेल अशी. २०२० पासून समोरून १,४०० किलोची ट्रॉली येते. दोन्हींचा वेग ताशी ५० किलोमीटर, आणि गाडीची निम्मी रुंदी धडकेत सापडते. ट्रॉलीची फार नासधूस झाली तर गुण गाडीचेच कापले जातात, आणि बॅटरीने जड झालेल्या एसयूव्हीला नेमकी हीच अट नडू शकते. त्यामुळे २०१९चे पाच आणि २०२२चे पाच एका पंगतीत बसवू नका.

मग मूळ अहवाल उघडा. कोणती गाडी आदळवली, तिचं वजन किती आणि निकाल कोणकोणत्या व्हेरिएंटना लागू, याचा तक्ता त्यात असतो. आदळवलेली गाडी कित्येकदा पेट्रोल किंवा साधी हायब्रीड असते आणि प्लग-इनला निकाल नंतर लागू केलेला असतो. तसं करायला हरकत नाही, पण तक्त्यात प्लग-इनचं नाव हवं. ते नसेल तर जाहिरातीतले स्टार दुसऱ्याच गाडीचे.

मुलं मागे बसणार असतील तर अमेरिकेच्या आयआयएचएसचा, म्हणजे विमा कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या धडक-चाचणी संस्थेचा, निकालही काढा. २०२२ पासून त्यांच्या समोरच्या धडकेच्या एका चाचणीत चालकामागच्या सीटवर लहान चणीच्या बाईएवढा, म्हणजे साधारण बारा वर्षांच्या मुलाएवढा, डमी (माणसाच्या जागी ठेवायचा पुतळा) बसवतात. पुढच्या सीटसाठी ‘गुड’ हा सर्वांत वरचा शेरा मिळवणाऱ्या बऱ्याच गाड्या मागच्या सीटवर घसरल्या. आमच्या मते कौटुंबिक गाडीसाठी स्टारपेक्षा ही एक ओळ जास्त कामाची आहे.

प्रश्न : उभ्या प्लग-इन गाड्यांना आग लागल्याच्या बातम्या वाचून घरचे घाबरलेत. आपल्या गाडीला धोका आहे का, हे कसं कळेल?

उत्तर : रिकॉलच्या, म्हणजे दोष सापडल्यावर कंपनी विकलेल्या गाड्या दुरुस्तीला परत बोलावते त्याच्या, नोंदीवरून. धडकेच्या चाचणीत हा दोष दिसत नाही, कारण तो सेलच्या, म्हणजे बॅटरी पॅक ज्या छोट्या बॅटऱ्यांचा बनतो त्यांच्या, आत असतो. सेलमध्ये धातूचा कण किंवा कचरा राहिला, किंवा दोन इलेक्ट्रोडमधला पातळ पडदा दुखावला, की आतल्या आत शॉर्ट होतो. सेल तापतो आणि शेजारच्याला तापवतो. बॅटरी जितकी भरलेली, तितका भडका मोठा. २०२०मध्ये फोर्डने कुगा प्लग-इनच्या मालकांना ‘दुरुस्ती होईपर्यंत चार्ज करू नका’ असं कळवलं होतं ते याच कारणाने. त्याच वर्षी बीएमडब्ल्यूनेही काही प्लग-इन मॉडेल परत बोलावली.

रिकॉलच्या नोटिशीत दोष, परिणाम आणि उपाय असे तीन भाग असतात. लोक पहिले दोन वाचून घाबरतात आणि तिसरा सोडून देतात, तो मात्र दोनदा वाचा. उपाय फक्त सॉफ्टवेअरचा आहे की बॅटरी पॅक तपासून बदलणार? जीपच्या ‘फोर एक्स ई’ या प्लग-इन गाड्यांचा रिकॉल २०२३मध्ये झाला, २०२४मध्ये व्याप्ती वाढली, २०२५मध्ये पुन्हा झाला. आधी सॉफ्टवेअर घातलेल्या गाड्यांनाही परत यावं लागलं. तेव्हा ‘रिकॉलचं काम झालंय’ असं विक्रेता म्हणाला की कोणत्या तारखेचं, कोणत्या क्रमांकाच्या रिकॉलचं, हे विचारा आणि १७ अक्षर-आकड्यांचा चॅसिस नंबर घालून स्वतः तपासा. काम बाकी असेल आणि नोटिशीत तसं सांगितलं असेल तर चार्जिंग बंद, गाडी उघड्यावर, इमारतीपासून आणि इतर गाड्यांपासून लांब.

तक्रारींचा नुसता आकडा बघून मात्र निष्कर्ष काढू नका. चार लाख गाड्यांत चाळीस तक्रारी आणि पाच हजारांत चाळीस, यांत फार फरक आहे.

प्रश्न : अपघात झालेली गाडी दुरुस्त करून विकली असेल तर कशी ओळखायची?

उत्तर : लिफ्टवर चढवूनच बघा, खाली वाकून टॉर्च मारल्याने भागत नाही. बॅटरीच्या खालच्या ट्रेला पोचा, खरवड, नव्याने मारलेलं काळं अंडरकोटिंग किंवा इतरांपेक्षा चकचकीत दिसणारा एखादा बोल्ट आहे का ते बघा. सगळीकडे धूळ आणि एकाच कोपऱ्यात ताजं सीलंट, म्हणजे तिथे हात फिरलाय. नारिंगी केबल हाय व्होल्टेजच्या असतात. त्यांवर टेप किंवा वेडावाकडा क्लिप दिसला तर हात लावू नका, गाडी सोडून द्या. बॅटरी कूलंटने थंड होत असेल तर पातळी बघा. २०११मध्ये अमेरिकेत शेवरोले व्होल्टची खांबावर बाजूने धडक चाचणी झाली आणि गाडी तीन आठवड्यांनी पेटली. बॅटरीला इजा होऊन कूलंट आत गळला होता. म्हणूनच धडक बसलेली गाडी इतर वस्तूंपासून सुमारे १५ मीटर लांब ठेवायला सांगतात.

आता डॅशबोर्ड. गाडी ऑन करताच एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. विझला नाही तर बिघाड, आणि मुळात लागलाच नाही तर तो कुणीतरी मुद्दाम बंद केला असण्याची शक्यता. पुढची काच बदललेली असेल तर तिच्यामागचा कॅमेरा पुन्हा कॅलिब्रेट केल्याचा, म्हणजे नेमका जुळवून घेतल्याचा, कागद मागा. तो नसेल तर आपोआप लागणाऱ्या ब्रेकवर विसंबू नका. चार्जिंग पोर्टचं झाकण उघडून पिनांभोवतीचं प्लास्टिक तपकिरी झालंय का, तेही बघा.

प्रश्न : गाडी इलेक्ट्रिकवर चालताना ब्रेक कमी वापरले जातात. ते चांगलंच ना?

उत्तर : पॅड जास्त टिकतात, पण डिस्क गंजतात. मोटरच वेग कमी करत असल्याने कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिना जाम होतात, विशेषतः मागच्या, आणि जोरात ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते. वर्षातून एकदा चाकं काढून पिना साफ करून घ्या. टायर बदलताना लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो ते सांगणारा त्यावरचा आकडा, मूळ टायरपेक्षा कमी घेऊ नका. त्याच मॉडेलच्या पेट्रोल गाडीचा टायर मापाने बसतो, पण प्लग-इनच्या वजनाला तो पुरेलच असं नाही.