गावाबाहेरच्या रस्त्यावर जुना, बंद पडलेला पेट्रोल पंप कसा ओळखायचा?

पाटी किंवा मशीन शोधत बसू नका, ती सर्वात आधी जातात. मी पहिल्यांदा भिंतीलगत किंवा कुंपणाजवळ उभे असलेले दोन-चार बारीक लोखंडी पाइप शोधतो. जमिनीखालच्या टाक्यांतली वाफ त्यांतून बाहेर पडते, म्हणून ते डोक्याच्या बरेच वर नेलेले असतात. इमारतीत पुढे गॅरेज आलं, दुकान आलं, तरी पुष्कळदा तसेच राहतात. मग काँक्रीटचा लांबट, उंच ओटा पाहा. त्यावर कापलेले बोल्ट दिसले की समजा, मशीन इथेच होतं. इमारत मागे सरकलेली, पुढे मोकळं आवार, आत-बाहेर जायला दोन वाटा. ही रचना गवत माजलं तरी लपत नाही.

शोधायचं कुठे? बायपास झाल्यावर ओस पडलेल्या जुन्या रस्त्यांवर. अमेरिकेतला ‘रूट ६६’ अधिकृत महामार्ग म्हणून १९८५ मध्ये रद्द झाला, त्याच्या कडेला असे पंप आजही दिसतात. आकड्यांची चाकं फिरणारं यांत्रिक मशीन जागेवर सापडलं तर फार आनंद होतो!

एक कळकळीची विनंती: जमिनीतली झाकणं उघडू नका, जवळपास काडी ओढू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, रिकाम्या टाकीतही साचून राहते.