विंगवरचा हमाल

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझी चिठ्ठी मिळाली. ‘सरांनी मला विंगवरून खाली ओढून हमाल करून टाकलं’ हे वाक्य मी तीनदा वाचलं. विंगवर, म्हणजे कडेनं पुढं खेळणाऱ्या तुला सरांनी बॉल गेला की बचावाला खाली यायला सांगितलं, त्याचा हा राग. तो खरा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

गेल्या रविवारी भुसावळच्या मैदानावर मी कडुनिंबाखाली बसून तुमची फुटबॉलची मॅच बघत होतो. दुसऱ्या हाफमध्ये तुझ्या पायातून बॉल सुटला आणि तू दोन्ही हात कमरेवर ठेवून जागीच उभा राहिलास. त्यांचा बॅक, म्हणजे बचावातला खेळाडू, तुझ्याच बाजूनं चढला. आपला डावा बॅक दोघांसमोर एकटा सापडला, कडेनं गोलसमोर क्रॉस आला, गोल झाला. सगळे त्या बिचाऱ्या बॅकलाच बोलले. मी मात्र तुझे हात बघत होतो.

तुला ब्राझीलचं वेड आहे, तेव्हा ब्राझीलचंच सांगतो. १९५८ च्या वर्ल्ड कपला स्वीडनमध्ये त्यांचा संघ ४-२-४ असा उतरला. चार बॅक, मधे झिटो आणि डिडी हे दोनच हाफ, म्हणजे मधल्या फळीतले खेळाडू, आणि पुढे चार. समोरच्यानं मधे तिसरा माणूस आणला की या दोघांचा दम निघणार, हे उघड होतं. ती फट झागालोनं बुजवली. तोही तुझ्यासारखाच डाव्या विंगवरचा. बॉल गेला की तो खाली सरकायचा आणि मधे दोनाचे तीन व्हायचे. आता उजवीकडे बघ, तिथं गारिंचा वरच थांबायचा. त्याला खाली ओढलं असतं तर त्याच्या ड्रिबलिंगची धार गेली असती. एकाला मोकळीक मिळाली ती दुसऱ्यानं भार उचलला म्हणून. झागालो मागं राहतो या भरवशावर डावा बॅक निल्टन सांतोस पुढं जाऊ शकायचा. ऑस्ट्रियाविरुद्ध तर बॅक असून तो वर धावत गेला आणि गोल करून आला. आणि फायनलमध्ये स्वीडनला ५-२ हरवलं, त्यात एक गोल या ‘हमालाचा’ही होता.

आपल्या देशाच्या संघातलंही एक उदाहरण आहे, आणि ते मला जास्त जवळचं वाटतं. १९६२, जकार्ता, एशियन गेम्स. जर्नेल सिंग म्हणजे आपला भक्कम सेंटर बॅक. थायलंडविरुद्ध त्याचं डोकं फुटलं, टाके पडले. कोच सय्यद अब्दुल रहीम यांनी त्याला पुढं, सेंटर फॉरवर्डला उभं केलं. सेमीफायनलला त्यानं गोल केला. फायनलला समोर दक्षिण कोरिया, ज्यांच्याकडून आपण पहिलीच मॅच ०-२ हरलो होतो. त्या दिवशी पी. के. बॅनर्जींनी एक आणि जर्नेलनं एक गोल मारला, २-१ नं सुवर्णपदक आपलं झालं. टाके पडलेल्या डोक्यानं तो अनोळखी जागेवर उभा राहिला रे.

तुझ्या सरांचं एक मला पटलं नाही. खाली ये म्हटलं, पण कधी आणि कुठवर ते सांगितलं नाही. प्रत्येक वेळी थेट आपल्या गोलसमोरच्या डी पर्यंत धावलास तर आपल्या वैशाखात अर्ध्या तासात जीभ बाहेर येईल, मग वर जायला पाय उरणार नाहीत. तू एवढंच कर. बॉल गेला की पहिली पाच पावलं जोरात, आतल्या बाजूनं. समोरच्याला मधे पास देता येऊ नये, बाहेरच ढकलायचं. मग मान वळवून आपला बॅक कुठं आहे ते बघ. तो एकटा असेल तर जा, हाफ पोचला असेल तर थांब, कारण बॉल परत आपल्याकडे आला की पहिला लांब पास तुलाच हवा असतो. हा अंदाज नुसत्या पळण्यानं येत नाही, सारखं बघत राहावं लागतं.

आई सांगत होती, घरी आल्यावर बूटही न काढता ओट्यावर बसून राहिलास. ‘काय व्हयनं’ विचारलं तरी बोलला नाहीस. तिला नीट सांग.

रविवारी उन्हं चढायच्या आत, सहाला मैदानावर ये. त्या डाव्या बॅकलाही सोबत आण. दोघांना एका दोरीची दोन टोकं धरायला देतो आणि अर्धा तास तसंच खेळवतो. दोरी ताणलीही जाऊ नये आणि जमिनीलाही लागू नये, इतकं अंतर तुम्हा दोघांत राहायला हवं.

तुझा,
काका