आधी पर्याय झाक

भाऊ, जळगाव-भुसावळ रोजच्या गाडीत मिळतो तेवढा वेळ जीआरईच्या (परदेशात पदव्युत्तर प्रवेशासाठीची परीक्षा) सरावाला पुरतो. पण शब्दांच्या याद्या घोकू नको. मी वर्षभर तेच केलं नि परीक्षेत अडकलो.

जीआरईच्या वाक्यपूर्तीत एक ते तीन रिकाम्या जागा असतात आणि सगळ्या बरोबर आल्या तरच गुण. म्हणून आधी पर्याय हाताने झाक. 'ऑल्दो' (जरी) दिसलं की अर्थ उलटणार. 'केळीच्या लिलावात बडबड्या असला, तरी घरात तो...' अशा वाक्यात तुझ्या मनात 'अबोल' येईल. अहिराणी शब्द आला तरी चालेल! मग पर्यायांत 'टॅसिटर्न' (म्हणजे अबोलच) सापडतो, आणि तो विसरत नाही. चुकलेलं अख्खं वाक्य वहीत उतरव, नुसता शब्द नको. आठवड्याने तेच परत सोडव.